हात धुण्याची शपथ आणि गुलाबी दूध

शिक्षकाने काय काय शिकवावं याला काही मर्यादा असावी, असं माझं नम्र मत आहे. मी दिंद्रुडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवतो. प्रकाशाचं परावर्तन, आम्ल आणि आम्लारी, बेडकाची पचनसंस्था हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आणि त्यापायी गावात कधी कुणाचं काही बिघडलं नाही. सुधारलंही नाही, हे मान्य आहे. पण त्या वर्षी मी मुलांना हात धुवायला शिकवलं आणि थोड्याच दिवसांत गावचं दूध गुलाबी झालं.

ते वर्ष हात धुवायला शिकवायचं नव्हतंच. माजलगावच्या धरणाने तळ दाखवला होता. ऊस केव्हाच जळून गेला होता आणि कारखान्याचा भोंगा त्या हंगामात वाजलाच नव्हता. गावात टँकर यायचा तो आपल्या मर्जीने यायचा. लोक बाजेवर बसून आंघोळ करायचे, बाजेखाली घमेलं ठेवायचे आणि घमेल्यात जमलेलं पाणी म्हशीपुढे ठेवायचे. म्हशीला ते प्यावं लागायचं, कारण गावात सुरू असलेली एकच गोष्ट म्हणजे दूध. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, दूध घालायचं आणि त्यावर घर चालवायचं. अशा गावात वरून कागद आला की किशोरवयीन विद्यार्थ्यांमध्ये हात धुण्याबाबत जाणीव आणि सवय निर्माण करावी.

आमच्या मुख्याध्यापकांनी तो कागद वाचून माझ्याकडे सरकवला. त्यांचं म्हणणं असं की हाताला जंतू असतात, जंतू विज्ञानात येतात आणि विज्ञान भारत सरांकडे असतं. भारत सर म्हणजे मी. मी कागद घेतला.

कामाची सुरुवात मी शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे प्रश्न विचारून केली. नववीच्या वर्गाला विचारलं, तुम्ही हात केव्हा धुता? मागच्या बाकावरून उत्तर आलं की टँकर आल्यावर. वर्ग हसला, मीही हसलो, पण नंतरच्या चौकशीत ते उत्तर बरंचसं खरं निघालं. या वयाच्या मुलांचं एक वेगळंच शास्त्र असतं. मिसरूड फुटू लागलेली आमची पोरं सकाळी तोंडाला दोनदा साबण लावतात, केसांना पाणी लावून भांग पाडतात, पण हात पॅन्टला पुसतात. हात धुणं हे त्यांच्या मते बारक्या पोरांचं काम. मुली त्या मानाने बऱ्या, पण त्यांच्या नखांवर रंग असल्यामुळे नखांखाली काय आहे ते विज्ञानालाही दिसत नव्हतं.

मुलांना सवय लावायची तर नळ हवेत, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. नळाचा आग्रह माझा होता आणि त्याला कारण होतं. माझ्या आजोबांच्या ओंजळीत या गावाने जन्मभर लांबून, वरून पाणी ओतलं. त्यामुळे कुणी वर उभं राहून पाणी ओततंय आणि कुणी खाली हात धरून बसलंय, हे चित्र मला आवडत नाही. नळाला जात नसते, तो कुणालाही सारखाच गळतो. नळ मंजूर व्हायला वेळ लागेल असं वाटलं होतं, पण ते चटकन झाले. दुष्काळात नळ मिळायला अडचण नसते. पांढऱ्या फरशीचा ओटा झाला, त्यावर चकचकीत नळांची रांग बसली आणि वर काळी टाकी चढली. टाकीत काय भरायचं ते मंजुरीत कुठे म्हटलेलं नव्हतं.

उद्घाटनाला आबासाहेब आले. आबासाहेब दूध संस्थेचे चेअरमन. गावात फीत कापायची असली की कात्री त्यांच्याच हातात जाते. त्यांनी संस्थेतर्फे मुलांना साबणाच्या वड्या भेट दिल्या, फीत कापली आणि पहिला नळ फिरवला. नळातून हवा आली. चांगली दमदार हवा होती, तिच्याबरोबर एक कोळीही बाहेर आला. पण आबासाहेब मुरलेले गृहस्थ. चेहऱ्यावरची रेष न हलवता त्यांनी त्या हवेखाली दोन्ही हात नीट चोळले, रुमालाला पुसले आणि फोटो होईपर्यंत हसत राहिले. माझी अब्रू त्यांनी त्या दिवशी वाचवली, हे मला नंतर पुष्कळदा आठवावं लागलं.

मग नाइलाजाने तांब्या आला. प्यायच्या पाण्याच्या ड्रममधून एक तांब्या घ्यायचा, एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने धुवायचं. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, बोटांची मागची बाजू, अंगठा, नखं, मनगट, अशा पायऱ्या मी त्यांच्याकडून घोटून घेतल्या. शेवटी सगळ्यांना उभं करून शपथ दिली. स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, शौचाहून आल्यावर आणि म्हशीची धार काढण्याआधी मी साबणाने हात धुईन आणि घरच्यांनाही धुवायला लावीन. यातलं धार काढण्याचं कलम वरून आलेल्या कागदात नव्हतं. ती माझी स्वतःची भर होती. दुधावर जगणाऱ्या गावात हे कलम हवंच, असं मला सुचलं आणि त्याचा इतका अभिमान वाटला की फळ्यावर ते मी रंगीत खडूने लिहिलं.

शपथ मीही घेतली होती, त्यामुळे तिची झळ पहिल्यांदा आमच्या घराला लागली. जेवायला बसण्याआधी मी मोरीशी जाऊन हात पुढे करायचा आणि हाक मारायची, अगं पाणी घाल. बायकोने तव्यावरची भाकरी सोडून यायचं, तांब्या उचलायचा आणि माझ्या पायऱ्या संपेपर्यंत उभं राहायचं. भाकरी करपायची. शिवाय तांब्यात पाणी बेताचं, साबण माझा सढळ, त्यामुळे फेस पुरता जायचा नाही. तिसऱ्या दिवशी पिठल्याला साबणाचा वास येतोय अशी मी तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली की वास पिठल्याला नाही, तुमच्या बोटांना आहे. मी ते विज्ञानाच्या दृष्टीने तपासून पाहायला हवं होतं. त्याऐवजी मी रागावलो.

शेजारी बंकट राहतो. तो दूध संस्थेचा सेक्रेटरी, दूध तपासायचं कामही तोच करतो, आणि उरलेल्या वेळात भिंतीवरून सल्ले देतो. आमची भांडणं त्याला न विचारता ऐकू जातात. त्याने सुचवलं की सरांनी चमच्याने जेवावं. दुसऱ्या दिवशी त्याचं मत बदललं. मुळात हात मळूच द्यायचे नाहीत, दिवसभर खिशात ठेवायचे, हा त्याचा नवा सल्ला. फळ्यावर लिहायचं कसं, असं मी विचारलं तर तो म्हणाला, पोरांकडून लिहून घ्या, त्यांचे हात मळलेलेच असतात.

शाळेतला उत्साह हळूहळू ओसरला. पोरं पुन्हा पॅन्टकडे वळली. साबणाच्या वड्या घरोघरच्या आयांनी सणासुदीसाठी डब्यात जपून ठेवल्या. मी मनातून थोडा खट्टू झालो, पण एका मुलीने ती शपथ अगदी जशीच्या तशी पाळली होती. तिचं नाव मंजुळा. शहादेव आणि बायनाबाई यांची ही मुलगी, नववीत, पहिल्या बाकावर बसायची आणि एखादी गोष्ट ठरली की ठरली. मी वर्गात विचारायचो, काल धार काढण्याआधी कुणाच्या घरी हात धुतले? रोज एकच हात वर व्हायचा. स्वच्छ हात होता तो.

आणि मग एक दिवस गावचं सगळं दूध तालुक्याच्या केंद्रावरून परत आलं.

दूध तपासायची रीत अशी आहे की नळीत थोडं दूध घेऊन त्यात कसल्याशा औषधाचे थेंब टाकतात. दूध चांगलं असेल तर रंग फारसा बदलत नाही, साबण किंवा सोडा असेल तर गुलाबी होतं. आमच्या गावच्या कॅनमधलं दूध गुलाबी झालं. केंद्रावरच्या माणसाने निरोप दिला की पुन्हा असं झालं तर या गावचं दूध घेणं बंद. कारखाना बंद, शेत बंद आणि आता दूध बंद म्हटल्यावर अख्खं गाव डेअरीपुढे जमलं. बंकटने घरोघरचं दूध वेगळं तपासलं. सगळ्यांचं पांढरं राहिलं. शहादेवचं गुलाबी झालं.

शहादेव हा तापट पण सरळ माणूस. डेअरीवर दूध घालायला लागल्यापासून त्याने त्यात कधी पाण्याचा थेंब मिसळला नाही, आणि त्या वर्षी तर मिसळायला पाणीही नव्हतं. तरी लोक बोलले. धुण्याच्या पावडरीचं दूध करतात म्हणे शहरात, शहादेवने कुठून शिकून घेतलं, असं कुणी म्हणालं. चौकशी होईपर्यंत त्याचं दूध घ्यायचं नाही असं संस्थेने ठरवलं. तो किटली तशीच भरलेली घेऊन घरी गेला. म्हैस दूध द्यायची काही थांबणार नव्हती, पण ते घालायला आता जागा नव्हती.

मला हे बंकटकडून भिंतीवरून कळलं. साबण हा शब्द ऐकल्यावर मला फळ्यावरचं ते रंगीत कलम आठवलं, पण मी त्याकडे दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मंजुळा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. वहीच्या कागदात गुंडाळलेली एक वस्तू तिने टेबलावर ठेवली. आबासाहेबांनी दिलेली साबणाची वडी होती, झिजून पातळ झालेली.

"सर, साबण घ्या माघारी. मी आईचे हात रोज धुवून घेत व्हते, किटली बी मीच घासत व्हते. मी बाबाला सांगितलं, माझ्यामुळं झालं म्हणून. बाबा म्हणले, शाळेनं असलं शिकवलं तं ती शाळा नगं. मी उद्यापासून येणार न्हाई."

ती रडत नव्हती. ती सांगायचं ठरवून आली होती आणि तिने सांगितलं. रडायला मला आलं, पण स्टाफरूममध्ये ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी चष्मा पुसला. सगळ्या शाळेत माझं एका मुलीने ऐकलं होतं आणि तिचीच शाळा सुटत होती. पॅन्टला हात पुसणारे सगळे वीर दहावीपर्यंत सुखरूप जाणार होते.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की जाणीव निर्माण करणं ही शाळेची जबाबदारी होती, ती शाळेने पार पाडली. सवय लागली यात शाळेचा दोष नाही. मी म्हणालो, कागदात सवयही म्हटलं होतं. ते म्हणाले, म्हटलं होतं, पण ती खरोखर लागेल असं कुणी धरून चाललं नव्हतं.

मग एस.टी.ने माजलगावला गेलो. दूध केंद्रावर एक साहेब होते, त्यांना भेटायला आधी दुसऱ्या साहेबांना भेटावं लागतं आणि दुसरे साहेब चहाला गेलेले असतात. भेट झाली तेव्हा मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हा भेसळीचा साबण नाही, स्वच्छतेचा साबण आहे. त्यांनी विचारलं, दोघांचा रंग वेगळा येतो का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग आमच्यालेखी तो एकच साबण. वर त्यांनी अगदी आपुलकीने सुचवलं की लोकांना हात न धुण्याची सवय लावा. मी विज्ञानाचा शिक्षक आहे असं सांगितल्यावर त्यांनी मला चहा दिला.

शेवटी आबासाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते ओसरीवर बसले होते. शाळेने पोरं बिघडवली, डेअरीचं नाव घालवलं, असं त्यांनी बराच वेळ ऐकवलं. त्यांचा दम संपल्यावर मी खिशातून मंजुळाची ती वहीच्या कागदाची पुडी काढली आणि आतली वडी त्यांच्यापुढे ठेवली. दुधात जो साबण आहे तो डेअरीनेच दिलेला आहे, चेअरमनांच्या हस्ते दिलेला आहे आणि त्याचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला आहे, एवढंच म्हणालो. आबासाहेब वडीकडे पाहत राहिले. नळाखाली हवेत हात धुतानाही त्यांचा चेहरा इतका अवघडलेला नव्हता.

"बरं. उद्या सकाळची धार तुमच्या डोळ्यांदेखत काढून घ्या आन् तुमी सोता डेरीवर आणा," ते म्हणाले. "पांढरं निघालं तं शहादेवचं दूध चालू. गुलाबी निघालं तं त्याचं नाव कमी, आन् हात धुवायचा विषय गावात पुन्यांदा काढायचा न्हाई. साबणाशिवाय न्हाई बरं का. चोरून साध्या हातानं काढाल, तसं चालायचं न्हाई. साबणाचंच पांढरं करून दाखवा."

हो म्हणून मी घरी आलो. वाटेत माझ्या लक्षात आलं की साबणाचं पांढरं कसं करायचं ते मला माहीत नाही.

सकाळी उजाडताना शहादेवच्या गोठ्याशी पोचलो. आबासाहेबांचा निरोप रात्रीच तिथे पोचला होता आणि शहादेव बाजेवर पाय सोडून बसला होता. त्याने मला राम राम केला नाही, नुसतं पाहिलं. बंकटही मागून आला, साक्षीदार म्हणून आणि सल्ल्यासाठी. मी मंजुळाला म्हणालो की रोज जसं करता तसंच करा.

शाळेची वडी माझ्या खिशात होती, म्हणून बायनाबाई घरातला आंघोळीचा साबण घेऊन, पदर खोचून गोठ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. मंजुळा पायऱ्या सांगत होती आणि त्या एकेक करत होत्या. तळवे, पाठ, बेचक्या. काय सांगू, माझ्या वर्गात इतक्या मन लावून कुणी हात धुतले नव्हते. कोपरापर्यंत फेस आला. तेवढ्यात म्हशीचं रेडकू दावं ओढून आचळाशी धडकायला लागलं आणि मंजुळा ते धरायला धावली. बायनाबाईंचे हात फेसाने भरलेले. शेजारी तांब्या होता, पाण्याने काठोकाठ भरलेला. त्यांनी तो कोपराने कलता केला. चुळकाभर पाणी एका हातावर पडलं, जास्त जमिनीवर सांडलं. जमिनीवर पाणी सांडलेलं पाहून त्यांनी दचकून कोपर काढून घेतलं, तांब्या सरळ केला, हात पदराला वरवर पुसले आणि कासंडी घेऊन म्हशीखाली बसायला निघाल्या.

मी त्यांना थांबवून पुन्हा खाली बसवलं आणि तांब्यात डोकावून पाहिलं. तांब्या जवळजवळ भरलेलाच होता. इतके दिवस मी, मुख्याध्यापक, बंकट, सगळे समजत होतो की गावात हात धुवायला पाणी नाही. पाणी होतं. थोडं होतं, पण दोन हातांपुरतं होतं. ते घालायला माणूस नव्हता.

इथे वाचकांना हेही सांगायला हवं की आमच्याकडे हातावर पाणी कोण कुणाच्या घालतं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. पाहुण्याच्या हातावर यजमान घालतो. सासऱ्याच्या हातावर सून घालते, नवऱ्याच्या हातावर बायको, मोठ्यांच्या हातावर पोरं. बायकोच्या हातावर कुणी घालायचं, हा प्रश्न कुणाला पडलेला नसतो. ती कोपराने कलतं करते.

मी शहादेवला म्हणालो, उठा, वहिनींच्या हातावर पाणी घाला.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग कळलं की करत नाही, तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. "मी? बायकूच्या हातावर? आन् कावून?" त्याने बंकटकडे पाहिलं. बंकटने प्रथमच सल्ला दिला नाही. शहादेव म्हणाला की पोरीला बोलावतो, ती घालील. मंजुळाने रेडकू सोडलं, तसं ते थेट म्हशीला जाऊन चिकटलं आणि दूध प्यायला लागलं, म्हणून तिला पुन्हा धावावं लागलं. रेडकू तुम्ही धरा, असं मी शहादेवला म्हणालो तर ते त्यालाच लाथा झाडायला लागलं, मंजुळाशिवाय ते कुणाचं ऐकत नसे. बायनाबाई उरल्या फेसाचे हात पुढे धरून तशाच बसून होत्या. फेस वाळायला लागला होता आणि डेअरी बंद व्हायची वेळ जवळ येत होती.

शेवटी मी तांब्या उचलला. माझ्या मनात काही नव्हतं, परीक्षेची वेळ संपत आली की शिक्षक जसा घायकुतीला येतो तसा मी आलो होतो. पण मी वाकतोय न वाकतोय तोच शहादेव बाजेवरून असा उठला की बाज उलटी झाली. परका माणूस आपल्या बायकोच्या हातावर पाणी घालतोय, तेही बंकटसारख्या माणसाच्या डोळ्यांदेखत, हे त्याला कसं चाललं असतं? त्याने तांब्या माझ्या हातातून हिसकून घेतला.

"द्या इकडं. तिचा नवरा मेला न्हाई अजून."

आणि त्याने पाणी घातलं. आधी ताठ उभा राहून, तोंड रस्त्याकडे करून, झाडाला घालावं तसं घातलं. पाणी चहूकडे उडालं. मंजुळा रेडकाच्या मानेला मिठी मारून तिकडून म्हणाली, "बाबा, खाली वाका. वरून उडतंय." शहादेव थोडा वाकला. मग आणखी वाकला. मग उकिडवा बसला आणि बारीक धार धरली. बायनाबाईंनी मान वर केली नाही, पण हात मात्र सावकाश धुतले. सगळ्या पायऱ्या उलट्या क्रमाने झाल्या आणि फेसाचा शेवटचा ठिपकाही गेला. तांब्यात पाणी उरलं, त्यात किटली विसळून झाली. मला माझे आजोबा आठवले. त्यांच्या ओंजळीत पाणी घालणारा कधी इतका खाली बसला नव्हता.

दूध घेऊन मी डेअरीवर गेलो. किटली मीच धरली होती, मागे शहादेव, त्यामागे मंजुळा आणि त्यामागे रस्त्याने जमत गेलेले लोक. आबासाहेब आधीच येऊन बसले होते. बंकटने नळीत दूध घेतलं, थेंब टाकले आणि हलवलं. मी विज्ञानात पदवी घेतलेला माणूस, पण त्या नळीकडे मी जसा पाहत होतो तसं विज्ञानाकडे पाहू नये. रंग बदलला नाही. बंकटने खात्रीसाठी पुन्हा एकदा केलं. दूध पांढरंच राहिलं.

शहादेवने किटलीचं झाकण उगाचच दोनदा लावलं आणि काढलं.

साबण लावून दूध पांढरं कसं काय राहिलं, असं आबासाहेबांनी विचारलं. शहादेव माझ्याकडे पाहू लागला, मी छताकडे. ही बातमी बाहेर गेली तर आपलं काय होईल, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि माझ्या तोंडून ती जाणार नव्हती. पण बंकट साक्षीदार होता. त्याने ती सांगितली, शिवाय बाज उलटी पडली तेही सांगितलं. पुरुषमंडळी हसली. मागे उभ्या असलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे पाहत होत्या, आणि आबासाहेब चेअरमन असल्यामुळे त्यांना वारा कुठून येतो ते लवकर कळतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे डेअरीला साबणाने धुतलेल्या हातांचंच दूध लागेल आणि साबण निघेपर्यंत पाणी घालण्याची जबाबदारी घरच्या कर्त्या माणसावर राहील. हे आपल्या मनात फार दिवसांपासून होतं, असंही ते म्हणाले. पुढे कुणी सांगितलं की आबासाहेबांच्या गोठ्याचं दार हल्ली सकाळी आतून बंद असतं आणि आतून भामाबाईंचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा आवाज येतो, नीट धरा म्हणून.

मी घरी आलो तो विजयी माणसाच्या चालीने. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सगळी हकिकत बायकोला रंगवून सांगितली, शहादेव कसा वाकला त्यावर जरा जास्त वेळ घेतला. मग जेवायला म्हणून मोरीशी गेलो, हात पुढे केले आणि सवयीने म्हणालो, अगं पाणी घाल.

ती आली. तिचे हात पिठाने भरले होते. तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी उकिडवी बसून आपले हात पुढे धरले. भिंतीपलीकडे बंकटच्या घरात एकदम शांतता पसरली, म्हणजे तो ऐकत होता. मी तांब्या उचलला. तिने सगळ्या पायऱ्या केल्या. मी मुलांना शिकवताना दर पायरीला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ तिने लावला आणि मनगटं झाल्यावर, काही राहिलं असेल म्हणून, अंगठे पुन्हा एकदा धुतले.

संध्याकाळीही तेच झालं. रात्री माझा खांदा भरून आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी हजेरी घेत होतो. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती आणि मी तिकडे न पाहता नावं वाचत होतो. दूध सुरू झालं म्हणजे शाळा सुरू होईलच असं नसतं, शहादेव तापट माणूस आहे आणि मी काल त्याची भरगावात शोभा केली होती. मंजुळाचं नाव आलं तेव्हा मी ते जरा थांबून वाचलं. दारातून आवाज आला, हजर सर. ती धापा टाकत उभी होती. तिचे हात ओले होते. तिने पुढे येऊन टेबलापाशी हात पसरला आणि आपला साबण मागितला. तो माझ्या खिशातच होता. मी दिला.

जागेवर जाता जाता ती थांबली.

"सर, बाबानं एक इचारायला सांगितलंय. आई सगळ्या पायऱ्या लई येळ लावून करती. बाबाचा हात दुखतो धरून धरून. आंगठा सोडला तं चालतं का म्हणले."

वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी खडू घेऊन फळ्याकडे हात वर केला, तर तो खांद्याच्या वर जाईना. तरीही मी मंजुळाला सांगितलं की अंगठा सोडून मुळीच चालणार नाही, बाबांना म्हणावं, सरांचाही दुखतो.